आधी बोट, मग भरीत

माणूस आजारी पडल्यावर डॉक्टरकडे जातो, इथपर्यंत एरंडोलच्या त्या गल्लीला सगळं मान्य होतं. पण माणूस आजारी पडायच्या आधीच त्याच्या दारात जाऊन उभी राहणारी, तीही बिनगोळीची आणि बिनसुईची, असली नोकरी जगात असते हे काही गल्लीला पटत नव्हतं. केसरबाईंना मात्र ते ऐकताक्षणी पटलं, कारण ती नोकरी त्यांच्या नातीची होती.

म्हणजे अजून नोकरी नव्हती. मृणाली धुळ्याच्या एका आरोग्य संस्थेत इंटर्न होती. इंटर्न म्हणजे काय, हे केसरबाईंनी तिला एकदाच विचारलं.

“शिकाऊ गं, आजी. लोकांनी आजारी पडूच नये म्हणून त्यांना सांगायचं, तपासायचं. आरोग्य संवर्धन म्हणतात त्याला.”

‘शिकाऊ’ हा शब्द केसरबाईंनी जागच्या जागी गिळून टाकला. गल्लीत सांगताना त्या म्हणायला लागल्या, “आमची मृणा म्हणजे आधीची डॉक्टर. डॉक्टर रोग आल्यावर येतो, ही रोगाच्या आधी येते. मग मोठं कोण?”

“अक्का, रोगाच्या आधी घंटागाडीबी येते,” शेजारची सलीमा म्हणाली.

सलीमाशी केसरबाईंची मैत्री लग्न होऊन दोघी या गल्लीत आल्यापासूनची. म्हणून त्या दिवशीही तिला चहा मिळाला. बशी मात्र मिळाली नाही.

आता खरी गोष्ट अशी, की संस्थेत शिकाऊ दोघं होते, मृणाली आणि भडगावचा तेजस. आणि कायमची जागा होती एक. प्रत्येकाने आपल्या भागात एक तपासणी शिबिर भरवायचं, ते बघायला वरच्या शिल्पा मॅडम स्वतः येणार आणि मग काय ते ठरणार. तेजसच्या शिबिराला म्हणे मैदान पुरलं नव्हतं. मृणालीने एरंडोलला सराव म्हणून एक लहान कार्यक्रम ठेवला, तर त्याला एकूण आले ते सुकदेव आबा, कारण समाजमंदिराची चावी त्यांच्याकडे असते; आणि एक शेळी, कारण दार उघडं होतं. मृणालीने मोबाइलवर निरोप पाठवले होते, चौकात रंगीत कागद चिकटवले होते, ‘तुमचे हृदय तुमच्या हाती’ असं त्यावर छापलं होतं. ते वाचून दोन बायांना वाटलं की काहीतरी कापाकापी आहे, आणि त्यांनी इतरांना सावध केलं.

रिकाम्या खुर्च्या मृणालीने एकटीने आवरल्या. घरी येऊन ती जेवलीही नाही. हा अपमान खरं तर मृणालीचा होता. पण केसरबाईंनी तो परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतला. आपल्या नातीने बोलवावं आणि या गल्लीने येऊ नये? ज्या गल्लीच्या निम्म्या बाळंतिणींना आपण डिंकाचे लाडू खाऊ घातले?

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांची रीघ लागली. सलीमाचं म्हणणं, बँडवाले आणावेत. सुकदेव आबांचं म्हणणं, अध्यक्ष म्हणून कोणीतरी ‘वजनदार’ माणूस बसवावा. असं म्हणून ते स्वतःची टोपी नीट करत बसले. वना आचारी म्हणाला, प्रत्येकाला स्टीलचा डबा द्या, मुडदेसुद्धा तपासून घ्यायला येतील. मृणालीने सगळ्यांना नम्रपणे सांगितलं, की असं काही करणं संस्थेच्या नियमात बसत नाही.

“आजी, तू फक्त एक काम कर,” ती म्हणाली. “साखर तपासायची म्हणजे रिकाम्या पोटी यावं लागतं. तुझं लोक ऐकतात. रविवारी सकाळी काही न खाता समाजमंदिरात या, एवढं घरोघरी सांगशील?”

केसरबाईंनी विचार केला. आणि इथे खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबावं लागेल. आमच्याकडे आवतनाचे प्रकार असतात. घरातल्या एकालाच बोलावणं असतं, नवरा-बायकोला असतं. आणि सगळ्यांत वरचं ते चूलबंद. चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायचीच नाही. म्हातारी, पोरं, माहेरी आलेली लेक, तिचा नवरा, आदल्या दिवशी मुक्कामाला टेकलेला पाहुणा, सगळ्यांनी यायचं. असं आवतन घेऊन जो येत नाही तो नातं तोडतो. आणि असं आवतन देऊन जो जेवू घालत नाही त्याने गाव सोडलेलं बरं.

उपाशी माणसाला आपल्या दारात बोलवायचं आणि बोटातून रक्त काढून रिकाम्या पोटी घरी पाठवायचं, ही गोष्ट केसरबाईंच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. त्यांनी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं, “रविवारी आमच्याकडे चूलबंद. भरीत-पुरी. आधी बोट, मग भरीत.”

बोटाचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पण पौषातलं भरीत! तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजलेली पांढरी-हिरवी वांगी, लाकडी भांड्यात मुसळीने ठेचलेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. गल्लीतल्या दोन-चार घरांनी केसरबाईंच्या घरचा चहा वर्षानुवर्षं ‘आत्ताच झाला’ म्हणून टाळलेला होता. का टाळला होता ते त्यांना ठाऊक होतं आणि केसरबाईंनाही. त्या मुद्दाम त्या उंबऱ्यांवर दुप्पट वेळ थांबल्या. भरिताला ‘आत्ताच झालं’ म्हणणारा माणूस खान्देशात अजून जन्मायचा आहे.

मृणालीला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

“आजी, मी फक्त उपाशी या म्हणायला सांगितलं होतं!”

“तेच सांगितलं. चूल पेटवू नका म्हटलं. याच्यापेक्षा उपाशी कसं असतं?”

“पण संस्थेच्या नियमात जेवण बसत नाही!”

“संस्थेच्या नको बसू दे. माझ्या अंगणात बसतं.”

अंगणात बसणार नव्हतं, तो भाग वेगळा. चूलबंदची माणसं अंगणात मावत नाहीत म्हणून समाजमंदिराचं पटांगण मागायला केसरबाई सुकदेव आबांकडे गेल्या. आबांनी चष्मा लावला. पटांगणाचा वापर आरोग्यासाठी की भोजनासाठी, असा प्रश्न त्यांनी टाकला. आरोग्यासाठी असेल तर कमिटीचा ठराव लागतो. भोजनासाठी असेल तर ठराव नको, पण मग आरोग्याचं कोणी जबाबदार माणूस हजर लागतं.

“आहे ना, माझी नात.”

“मग तो आरोग्याचा कार्यक्रम झाला. ठराव लागेल.”

“बरं, मग भोजनाचा.”

“मग आरोग्याचा माणूस लागेल.”

असे तीन फेरे झाल्यावर केसरबाईंनी कंबरेवर हात ठेवले. “आबा, तुमच्या घरी चूलबंद द्यायचं राहून गेलं वाटतं. राहू द्यावं का तसंच?”

आबांनी चावी दिली.

आता वांगी. भरिताची खरी वांगी फैजपूरकडची, हे मत केसरबाई कोणाशीही भांडून सिद्ध करू शकत होत्या. तिकडे आधार नावाचा त्यांचा भाचा शेती करायचा. त्याने शनिवारी भली मोठी गोणी भरून जळगावला आणली आणि धुळ्याच्या बसमध्ये टाकली. कंडक्टरला सांगितलं, एरंडोलला आत्याबाई उभ्या असतील, त्यांना उतरवून द्या.

आत्याबाई उभ्या होत्या. बस आली. कंडक्टर दारात आला आणि म्हणाला, “काय आजी, लग्न आहे का घरात? एवढी वांगी!”

इथे चूक झाली. कोणी साधा प्रश्न विचारला की साधं उत्तर द्यावं, हे केसरबाईंना आयुष्यात जमलेलं नाही. “लग्न नाही रे बाबा, माझी नात आधीची डॉक्टर आहे,” अशी त्यांनी सुरुवात केली. आरोग्य म्हणजे काय, रोग आधी की माणूस आधी, धुळ्याच्या मॅडम कशा खास हिच्यासाठी येणार, असं सगळं सांगितलं. कंडक्टर भला माणूस; त्याने “वा वा” म्हटलं. केसरबाईंनी त्यालाही रविवारचं आवतन दिलं. त्याने हात जोडले, घंटी मारली, आणि बस गेली. केसरबाई समाधानाने बसच्या मागे बघत राहिल्या. बस दिसेनाशी झाल्यावर त्यांना आपल्या हातांत काहीच नाही हे जाणवलं.

वांगी धुळ्याला गेली.

संध्याकाळी फोनवर फोन झाले तेव्हा गोणी धुळ्याच्या बसस्थानकात सुखरूप असल्याचं कळलं. सकाळी लवकर धुळ्याहून एरंडोलला येणारं ओळखीचं माणूस जगात एकच होतं. मृणालीने तो फोन लावायला नकार दिला. मग केसरबाई स्वतः लावते म्हणाल्या. त्याबरोबर मृणालीने घाईघाईने लावला.

“मॅडम, उद्या येताना... बसस्थानकातून एक गोणी आणता येईल का?”

“आणते की. माहितीपत्रकं आहेत का?”

मृणालीने डोळे मिटले. “वांगी आहेत, मॅडम.”

“गोणीभर?”

“आजीने चूलबंद आवतन दिलंय.”

शिल्पा मॅडम मूळच्या शिंदखेड्याच्या. चूलबंद म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यामुळेच त्या जास्त घाबरल्या.

रविवारी सकाळी पटांगणात माणूस मावेना. चूलबंद म्हटल्यावर घरंच्या घरं कुलूप लावून आली होती. सलीमाकडे मालेगावहून आलेले पाहुणे, कोणाचे जावई, कोणाचे व्याही, कडेवरची पोरं. सगळे उपाशी, सगळे ताजेतवाने, सगळ्यांचं लक्ष वना आचाऱ्याकडे. आणि वना रिकाम्या जाळासमोर झारा धरून बसलेला, कारण वांगी अजून पारोळ्याच्या अलीकडे होती का पलीकडे, हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

अखेर संस्थेची जीप आली. आधी नर्सबाई उतरल्या, मग मशीन उतरलं, मग गोणी उतरली आणि शेवटी शिल्पा मॅडम. त्यांच्या साडीला वांग्याचं देठ अडकलेलं होतं. त्यांनी पटांगणावरून नजर फिरवली.

“मृणाली, हे शिबिर आहे की वरात?”

मृणालीचा चेहरा उतरला. केसरबाई मात्र पुढे झाल्या. “जय भीम, मॅडम. जेवण संस्थेचं नाही, माझ्या घरचं आहे. संस्थेने फक्त वांगी आणली. तुमची चूल बंद आहे ना?”

मॅडम पहाटे निव्वळ चहावर निघाल्या होत्या. त्यांची मान वासाच्या दिशेने वळली. तुराट्या पेटल्या होत्या.

आणि तिथेच गाडं अडलं. वांगी भाजून, सोलून, ठेचून व्हायला वेळ होता आणि गल्लीला दम नव्हता. “आधी बोट” म्हणत मृणाली मशीन घेऊन फिरायला लागली, तशी माणसं पांगायला लागली. एक म्हणाला जेवून झाल्यावर बघू. एक बाई म्हणाली रक्त काढलं की चक्कर येते. कोणाचं पोर रडायला लागलं, तर त्याची आई म्हणाली घरी जाऊन चार घास भरवून आणते. एकदा माणूस घरी गेला, पोटात भाकरी गेली, की सगळी तपासणी वाया. मृणाली या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होती. एकाला धरावं तोवर दुसरा निसटत होता. शिल्पा मॅडम खुर्चीवर बसून शांतपणे बघत होत्या. त्यांचं ते शांतपण केसरबाईंना आवडलं नाही. परीक्षेत नापास करणारे मास्तर असेच शांत असतात. केसरबाई दुसरीपर्यंतच गेल्या होत्या, पण तेवढ्यात असे मास्तर दोन पाहिले होते.

त्यांनी पदर खोचला आणि पटांगणाच्या मधोमध जाऊन आवाज दिला, “पंगत बसवा!”

“अक्का, अजून वांगी भाजायचीत!” वना ओरडला.

“तू भाज. पंगत बसवा!”

पंगतीचा एक कायदा आहे, आणि तो कुठल्याही संस्थेच्या कायद्यापेक्षा जुना आहे. बसेपर्यंत माणूस मोकळा. एकदा मांडी घातली, पुढ्यात पत्रावळ आली, की जेवल्याशिवाय उठायचं नाही. उठला तर यजमानाचा अपमान आणि शेजारच्याचाही. वाढून झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा दुसरा कायदा. गल्ली ओळीने बसली. पत्रावळी मांडल्या गेल्या. पाण्याचे पेले भरले.

“बठ्ठा बसनात का?” केसरबाईंनी विचारलं. सगळे बसले होते. “मग आता कोणी हलायचं नाही. मृणा, कर सुरुवात.”

आणि पंगतीतून जसा वाढपी फिरावा तशी मृणाली फिरली. दंडाला पट्टा, मशीनचा आकडा, मागून नर्सबाई बोटातून थेंब काढणाऱ्या. कोणाला पळता येईना. एका व्याह्याने “रक्त गेल्यावर अशक्तपणा येईल” म्हटलं, तर सलीमा म्हणाली, “म्हणून तर भरीत आहे, खाली बसा.” ज्या बाया आयुष्यात नवऱ्याच्या देखत दवाखान्याच्या पायरीवर चढल्या नव्हत्या, त्यांनी नवऱ्याच्याच शेजारी बसून बोट पुढे केलं, कारण ते पंगतीतलं काम होतं आणि पंगतीतल्या कामाला लाजायचं नसतं.

तपासणी होत आली तरी भरीत यायला अवकाश होता. तेव्हा मृणाली उभी राहून बोलली. मीठ कमी खा, चाला, मिश्री लावणं सोडा, दरमहा तपासा. रिकाम्या खुर्च्यांसमोर तिचा आवाज थरथरला होता. आज तो थरथरला नाही. उपाशी माणसाइतका मनापासून ऐकणारा माणूस नाही. तो नजर हलवत नाही, कारण नजर हलवली की भूक लागते. गल्ली माना डोलवत होती. केसरबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. पोरीचे शब्द सगळे कळले असं नाही, पण तिच्यासमोर एवढी माणसं गप्प बसली आहेत हे पुरेपूर कळत होतं.

मग भरीत आलं. पुऱ्या आल्या. वाढून झालं. केसरबाईंनी हात जोडले, “करा सुरुवात.” आणि त्या पहिल्या घासानंतरचं कौतुक ऐकायला कान लावून उभ्या राहिल्या.

कौतुक आलं नाही. माणसं एकमेकांकडे तिरप्या डोळ्यांनी बघत होती. शेवटी सुकदेव आबांनी घसा साफ केला.

“केसरअक्का, भरीतमा मीठ कमी शे.”

केसरबाईंनी झपाट्याने वनाकडे पाहिलं. वनाने झारा मृणालीच्या दिशेने केला. पहाटे येऊन पोरीने त्याला मीठ निम्मं करायला लावलं होतं. मृणाली पांढरीफटक पडली.

नवऱ्याने, सासूने, गावाने केसरबाईंना आयुष्यात पुष्कळ काही सुनावलं होतं. मिठावरून कोणी बोललं नव्हतं. ज्या हाताचं भरीत खायला माणसं पारोळ्याहून यायची, त्या हाताला आज भर पंगतीत नाव ठेवलं गेलं. आणि तेही त्या चहा टाळणाऱ्या घरांसमोर. ‘वना विसरला’ एवढं म्हटलं असतं तरी लाज झाकली गेली असती. वना बिचारा आचारीच, तो सोसून घेतो. इकडे सलीमा मैत्रीला जागून उठली आणि मिठाची वाटी आणायला निघाली.

वाटी एकदा पंगतीत फिरली, की पोरीने आत्ताच सांगितलेलं सगळं त्या वाटीबरोबर गिळून टाकलं जाणार होतं. आणि खुर्चीवरच्या मॅडम पुरीचा तुकडा हातात धरून तेच बघायला थांबल्या होत्या.

“सलीमा, बस खाली,” केसरबाई म्हणाल्या. “मिठाची वाटी फिरणार नाही. मीठ कोणी विसरलं नाही. मी कमी टाकलंय.”

“तुम्ही?” आबा म्हणाले.

“मी. माझ्या नातीने सांगितलं म्हणून. आत्ता मीठ कमी खातो म्हणून माना डोलवत होते ते कोण होते? आणि हे तोंड वाकडं करणारे कोण? माणसं बदलली का मधल्या वेळात? लिंबू आहे, पात आहे, पिळा आणि खा. आणि आबा, मशीनवरचा तुमचा आकडा मी पाहिलाय. सांगू का पंगतीला?”

“आजी!” मृणाली धावत आली. “कोणाचा आकडा कोणाला सांगायचा नसतो. तो ज्याचा त्याचा असतो.”

“बरं, नाही सांगत,” केसरबाई म्हणाल्या. पण आबांनी तोवर लिंबू पिळायला घेतलं होतं.

लिंबू फिरलं. पात फिरली. थोड्या वेळाने ओळीच्या शेवटून सलीमाचा आवाज आला, “अक्का, इकडे परत वाढा.” मग तिच्या पाहुण्यांनी मागितलं, मग चहा टाळणाऱ्यांनी. वना पातेलं खरवडायला लागला तेव्हा केसरबाईंनी श्वास सोडला.

शिल्पा मॅडम हात धुऊन मृणालीजवळ गेल्या. केसरबाई लगेच जवळच्या पेल्यांची आवराआवर करायला लागल्या, म्हणजे ऐकू येईल.

“तेजसकडे गर्दी मोठी होती,” मॅडम म्हणाल्या. “पण भाषण संपेपर्यंत निम्मी माणसं गेली होती, आणि तपासायला थांबली ती त्याहून थोडी. तुझं एकही माणूस उठलं नाही. आणि यजमानाने स्वतःच्या भरितातलं मीठ कमी केलेलं तर मी आजवर कुठेच बघितलं नाही. नियमात कसं बसवायचं ते मी बघते. एक तारखेला धुळ्याला रुजू हो. जागा तुझी.”

केसरबाईंच्या हातून एक पेला पडला. पडू दिला.

सगळ्यात शेवटी वाढप्यांची आणि घरच्यांची पंगत बसली. केसरबाईंनी मांडी घातली, आणि पत्रावळीवर हात जाण्याआधी मृणालीने त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

“मला कशाला? मला काय झालंय?”

“पंगतीत बसलीस ना? आता उठता येत नाही.”

पट्टा फुगला, सुटला. मृणालीने आकडा पाहिला, पुन्हा एकदा मोजला, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. “आजी, रक्तदाब एकशे सत्तरच्या वर आहे. उद्या डॉक्टरकडे जायचं. मी सोबत येते. आणि हे थट्टेवारी न्यायचं नाही.”

“नातीला नोकरी लागल्यावर वाढणार नाही तर काय? बरं, येईन. एवढंच सांग, आजच्यात सगळ्यात जास्त कोणाचं?”

“ते सांगता येत नाही.”

“आबांचं?”

“आजी!”

“माझं असेल तर माझं मला सांगायला काय हरकत? तूच म्हणालीस, ज्याचा त्याचा असतो.”

मृणालीने ओठ दाबले. “तुझंच आहे.”

केसरबाईंनी पुरीचा घास खाली ठेवला. पट्टा अजून दंडावरच होता. तो तसाच ठेवून त्यांनी मान वर केली आणि पटांगणाच्या दारात चपला शोधत उभ्या असलेल्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“ऐका हो! सगळ्यांत जास्त आमचं आलं. माझ्या नातीने मोजलं!”